पाल इल्ला

(उमरगा तालुका. हमरस्त्याला लागून मैनोद्दीनचं ताडपत्रीचं दुकान. दारात पालांनी, म्हणजे ताडपत्रीच्या तंबूंनी, भरलेला टेम्पो. भर दुपार.)

शरणबसप्पा : थांबवा टेम्पो! बॅनर बांधल्याबिगर एक पाल हलायचं न्हाय इथनं.

मैनोद्दीन : अप्पा, टेम्पो थांबलेलाच आहे. कवाचा थांबलाय. तुमीच थांबवलाय.

शरणबसप्पा : मग बांध की बॅनर.

मैनोद्दीन : कुणासाठी? टेम्पो जाणार चेन्नईला. तिथं मदत धाडणाऱ्या संस्थेच्या गोदामात माल उतरणार, तिथनं जहाजात चढणार. बॅनर वाचणार कोण, समिंदरातले मासे?

शरणबसप्पा : फोटो निघतोय की रे मैनू! महादेवाचं देऊळ, मशीद अन् बुद्धविहार, तिघांची मिळून एक समिती. वादळात गेलेल्या श्रीलंकेतल्या गावाला चाळीस पालं धाडती. आख्ख्या जिल्ह्यात असं दुसरं गाव दाखव मला. अन् त्या समितीचा अध्यक्ष कोण?

पुतळाबाई : तुमी. समद्यांला कळलंय. देवळाच्या स्पीकरवरनं सांगायचं तेवढं राहिलंय.

शरणबसप्पा : पुतळाबाई, तुमी जरा शांत बसा.

पुतळाबाई : शांतच बसले की आजपतोर. तिकडं लंकेत डोंगर खचून माझ्या सेल्वीचं निम्मं गाव गाडलं गेलं, आन् हितं तुमी गडी माणसं पालाच्या रंगावरनं भांडत बसला. म्या काय बोलले? चकार सबुद न्हाय.

मैनोद्दीन : रंगाचं नाव काढू नका, मावशी. डोस्कं उठतंय माझं. भगवी ताडपत्री काढली तर आमचे जमातवाले बोलले, हे काय? हिरवी काढली तर महादेववाले बोलले, ते काय? निळी काढली तर दोघं मिळून बोलले, मग सगळं विहाराचंच का?

पुतळाबाई : तेवढ्यापुरती मातुर एकी झाली.

मैनोद्दीन : हौ ना! मग पांढरी काढली तर अप्पा म्हणले, मयतीची दिसती. अखेर ठरली चॉकलेटी. उमरग्यात कुठं भेटंना. सोलापूर गाठलं. तिकडं लोक भिजत होते, मावशी, अन् मी सोलापुरात दुकानोदुकान चॉकलेटी ताडपत्री हुडकत फिरत होतो. हसत होते माझ्यावर.

शरणबसप्पा : पण दिसतेत का न्हाय झोकात? चिखलात मळकी बी दिसायची न्हाईत.

पुतळाबाई : झोकात! लगीन हाय जणू. ते बॅनरचं राहू द्या आता, माझं ऐका. सकाळधरनं म्हणतेय, सेल्वीचा नवा निरोप आलाय मोबाइलात. कुणी ऐकंल का?

शरणबसप्पा : आलाय तर ऐकू की. लावा.

पुतळाबाई : काल मैनूनं शाळंच्या मैदानात समदी पालं ठोकून बघितली न्हाय का? त्याचा फोटू म्या तिला धाडला. म्हणलं, बघून तिच्या जिवाला आधार वाटंल. तर बाई रडाय लागली. हे ऐका. ऐकू येतंय? "अक्का, पाल अक्का. पिळ्ळैक्कु पाल इल्ला." तेच म्हणती सारखं, आन् मग नुसतं हुंदकं.

शरणबसप्पा : समजलं. पालं कमी पडतेत. आणखी पायजेत म्हणती.

मैनोद्दीन : आणखी पायजेत म्हणून कुणी असं रडतंय का, अप्पा?

शरणबसप्पा : आनंदानं रडती.

पुतळाबाई : आनंदाचं रडं मला कळतंय. हे त्ये न्हाय.

शरणबसप्पा : बाई, भाषा कुणाला येती इथं? मला. आजोळ माझं कर्नाटकातलं, आळंदचं, निम्मं आयुष्य कन्नडात गेलं. 'इल्ला' म्हणजे न्हाय. कन्नडात बी तेच, त्यांच्या तमिळात बी तेच. 'पाल इल्ला', पाल न्हाय. घर गेलं, डोक्यावर छप्पर न्हाय, म्हणून बाई पाल मागती. ह्यात अवघड काय आहे? ऊसतोडीवाल्याचं पोर बी सांगंल.

पुतळाबाई : पर आपला पाल ह्यो सबुद तिला कसा ठावं? म्या तवाच इचारलं हुतं.

शरणबसप्पा : पाल जगात सगळीकडं पालच असतंय.

पुतळाबाई : आन् पिल्लू? ती पिल्लू म्हणती मधी. किती येळा सांगितलं तुमाला.

शरणबसप्पा : पिल्लू न्हाय हो, पिल्लै! आडनाव असतंय तिकडं. पिल्लैच्या घरी पाल न्हाय म्हणती.

पुतळाबाई : हा कोण पिल्लै?

शरणबसप्पा : असंल शेजारी. चांगली बाई आहे, शेजाऱ्याचं बी बघती.

मैनोद्दीन : अप्पा, तुमाला हात जोडावं वाटतंय. मावशी, आमच्या जमातीत अजून विचारतेत मला, ही सेल्वी पुतळाबाईची कोण लागती? त्यांच्या पोरानं तिकडं सोयरीक केली का?

पुतळाबाई : कोण बी लागत न्हाय. धम्मयात्रेला गेलते लंकेला, विहारातल्या बायांसंगं. डोंगरात बस बंद पडली. उतरताना माझा पाय असा मुरगाळला, हा टम्म सुजला. समदे नुसते बघत उभे. तवा चहाच्या मळ्यातनं ही बाई आली. पाठीवरची टोपली खाली ठिवली आन् टोपलीच्या जागी मला घेतली. पाठकुळी, एवढ्या जाड बाईला! दोन रात्री ठिवून घेतलं. तेल चोळलं, भात चारला. तिचं मला कळंना, माझं तिला कळंना. ती कपाळाला इबूत लावती, म्या बुद्धाला हात जोडते. तू कोण, कुठली, असं तिनं इचारलंच न्हाय.

शरणबसप्पा : इबूत लावती म्हणजे आमच्यातलीच की मग.

पुतळाबाई : घ्या! आता तिला बी समितीत घ्या. मैनू, तवापास्नं रोज आमचं चालू हाय बघ. ती चहाचा फोटू धाडती, म्या भाकरीचा. औंदा तिच्या लेकीला, कविताला, पोरगी झाली. दिवाळीच्या वक्ताला फोटू धाडला, मांडीवर पाजत बसलेली. आता असंल तीनेक म्हैन्याचं लेकरू. डोंगर खचल्यापास्नं माझा जीव त्या लेकरात अडकलाय बाबा. भिजतंय का, गारठतंय का, काय बी कळंना. म्हणून म्हणते, पालं लवकर जाऊ द्या. आन् हे म्हणत्यात बॅनर.

मैनोद्दीन : थांबा, थांबा. समोर पंक्चरवाल्याकडं ट्रक लागलाय बघा. नंबर बघा त्याचा.

शरणबसप्पा : बघितला. मग?

मैनोद्दीन : टीएन, अप्पा. तामिळनाडूचा ट्रक, ड्रायव्हर त्यांच्याच बोलीचा. मोडकीतोडकी हिंदी बी बोलतोय, मघाशी चहा पिताना भेटलेला. द्या मावशी मोबाइल, ऐकवतो त्याला.

शरणबसप्पा : कशाला? समितीच्या गोष्टी वाटंवरच्या माणसाला सांगायच्या? मी आहे की.

पुतळाबाई : तुमी हायसा म्हणूनच जाऊ द्या त्याला. म्या पयल्या दिशीच म्हणले हुते, चेन्नईच्या गोदामवाल्यांला निरोप ऐकवा. तुमी म्हणला, अध्यक्षाला भाषा येत असताना दुसऱ्याला इचारलं तर समितीची नाचक्की. जा रं मैनू. जुने निरोप बी ऐकव, पयल्यापास्नं. हे असं वर सरकवायचं.

मैनोद्दीन : हौ, आलोच.

शरणबसप्पा : गेला पळत. तुमचा माझ्यावर इश्वासच न्हाय, पुतळाबाई.

पुतळाबाई : तुमच्यावर हाय. तुमच्या कानावर न्हाय.

शरणबसप्पा : किराणा दुकान सोडून राबतोय मी ह्या पालांपायी. सूनबाई म्हणती, गिऱ्हाईक परत जातंय, अन् तुमी लंकेत.

पुतळाबाई : कोण न्हाय म्हणतंय? राबलाव की. पर भादव्यात आपल्या वस्तीत पाणी शिरलं तवाचं आठवा जरा. कुठनं कुठनं मदत आली. एकानं टेम्पोभर पाव धाडला, बुरशी आलेला. दुसऱ्यानं स्वेटरं. कंबरभर चिखुल, आन् स्वेटरं! तुमी चावडीवर उभं राहून शिव्या घातल्या हुत्या. काय म्हणला हुता?

शरणबसप्पा : म्हणलो असंल कायतरी.

पुतळाबाई : म्हणला हुता, एकानं तरी इचारलं का, बाबांनो तुमाला पायजे काय?

शरणबसप्पा : बरं, बरं. आता उगाळू नका. लई वेळ लागला की हो मैनूला. तो ड्रायव्हर परत परत लावतोय मोबाइल कानाला.

पुतळाबाई : खाली बसला की तो. टायरावर.

शरणबसप्पा : पाय भरले असतील. लांबनं येतेत ती माणसं. आता मैनूच्या मोबाइलवर कुणाशी बोलतोय? भांडल्यागत बोलतोय... आला, आला मैनू.

पुतळाबाई : काय म्हणला रं? सांग लवकर.

मैनोद्दीन : मावशी, पाल म्हणजे दूध.

शरणबसप्पा : काय?

मैनोद्दीन : दूध, अप्पा, दूध! त्यांच्यात दुधाला पाल म्हणतेत. अन् पिळ्ळै म्हणजे लेकरू. लेकराला दूध न्हाय, असं म्हणती ती. पयल्या दिवसापासून दूध मागती बिचारी, अन् आपण तिला तंबूंचा फोटो धाडलाय!

शरणबसप्पा : दूध कसं असंल? दूध म्हणजे हालु. हालु इल्ला... पाल इल्ला... अय्यो शिवने. आमच्या हालुला ते पाल म्हणतेत.

पुतळाबाई : आग सोमेश्वरी आन् बंब रामेश्वरी! अर्ध्या हळकुंडानं पिवळं होऊन समद्या गावाला नाचवलं की हो तुमी! पिल्लू म्हणती, पिल्लू म्हणती, घसा कोरडा केला म्या. तर म्हणं आडनाव!

शरणबसप्पा : मला वाटलं...

मैनोद्दीन : वाटलं न्हाय अप्पा, तुमी सांगितलं. छातीला हात लावून सांगितलं. अन् पुढचं ऐका. तिच्या गावची माणसं पयल्यापासून तिकडच्या शाळंत आहेत. पक्की इमारत, वर स्लॅब. पाल ठोकायला तिथं अंगण बी न्हाय.

शरणबसप्पा : मग ही चाळीस?

मैनोद्दीन : ही चाळीस चॉकलेटी. लोणचं घालू.

पुतळाबाई : पालाचं काय करायचं ते करा. दुसऱ्या कुठल्या गावाला देतील ते लोक. लेकरू काय पितंय? ते इचारलं का?

मैनोद्दीन : पेज. भाताची पेज पाजते म्हणली निरोपात.

पुतळाबाई : तीन म्हैन्याच्या लेकराला पेज! अरं देवा. अंगणवाडीत मदतनीस म्हणून जल्म गेला माझा, बायांला बजावून बजावून. आन् माझ्याच सेल्वीच्या घरात...

शरणबसप्पा : दुकानात दुधाची पावडर आहे. खोकीच आणतो. आता आणतो. त्या पालांच्या वर बसंल.

पुतळाबाई : चहात टाकायची पावडर चालत न्हाय त्याला! बारक्या लेकराचा डबा येगळा येतो, मेडिकलात. आन् टेम्पो कधी पोचणार, जहाज कधी लागणार? तवर पेजच का?

मैनोद्दीन : ते केलं मी, मावशी. त्या ड्रायव्हरला गोदामवाल्यांचा फोन लावून दिला. त्यांच्या बोलीत बोलला तो, चांगला दरडावून. गोदामवाल्यांची लंकेतली माणसं रोज जातेत त्या शाळंत. संध्याकाळच्या आत डबा बाईच्या हातात देतो म्हणले, पुढं बी देत राहतो म्हणले.

शरणबसप्पा : आज? एका फोनवर?

मैनोद्दीन : एका फोनवर.

शरणबसप्पा : मग आपण एवढे दिवस काय करत होतो?

पुतळाबाई : रंग निवडत हुतो. जाऊ द्या. लेकराच्या पोटात दूध जाईल, बास. तुझं भलं हुईल, मैनू. तो डायवर बी गुणाचा माणूस. त्याला चहा-भजी काय ते दे, पैसं म्या देते.

मैनोद्दीन : हौ, देतो.

पुतळाबाई : थांब रं जरा. वरचं दूध कशाला लागतंय त्याला?

मैनोद्दीन : लेकराला, मावशी.

पुतळाबाई : ते कळलं. पर कविता पाजती की अंगावर. फोटूत पाजतच बसली हुती, मांडीवर घिऊन. चांगली भरल्या अंगाची पोर हाय.

शरणबसप्पा : हाल झालेत तिकडं, पोटाला न्हाय. बाईचं दूध आटतंय अशानं. आटलं असंल.

पुतळाबाई : तुमी अर्थ सांगू नका, अप्पा. पाया पडते तुमच्या. मैनू, हिकडं बघ. तो डायवर खाली का बसला हुता?

मैनोद्दीन : दमला असंल.

पुतळाबाई : मैनू.

मैनोद्दीन : म्हणलं, आधी दुधाचं बघू, मग सांगू. कसं सांगायचं तेच समजंना, मावशी.

पुतळाबाई : सांग.

मैनोद्दीन : कविता गेली. डोंगर आला तवा ती घरात होती. लेकराला घेऊन सेल्वी बाहेर होती, म्हणून त्या दोघी वाचल्या. पयल्याच निरोपात सगळं सांगितलंय तिनं. लांबडा होता ना तो निरोप? माझी कविता गेली अक्का, मातीतनं तिसऱ्या दिवशी काढली, असं सगळं आहे त्यात. दूध न्हाय, हे शेवटाला आहे. आपण तेवढंच धरलं. पाल इल्ला आलं, अन् अप्पा म्हणले...

शरणबसप्पा : समजलं म्हणलो. मीच म्हणलो.

पुतळाबाई : रडत नव्हती त्या दिशी. नुसती बोलत हुती, कोरडं. म्हणून मला वाटलं, वाचली समदी. आन् म्या तिला काय धाडलं ठावं हाय का, मैनू? अंगठा. तो वर केलेला पिवळा अंगठा असतो, तो. हे अप्पा म्हणले, होकार कळवा. तिनं सांगितलं माझी लेक गेली, आन् म्या अंगठा दाखवला. तरी दुसऱ्या दिशी परत अक्काच म्हणली मला.

शरणबसप्पा : बाई, मला बोला. काय बोलायचं ते मला बोला. शिव्या घाला.

पुतळाबाई : तुमाला बोलून काय करू? तुमच्या काय मनात हुतं का?

शरणबसप्पा : न्हाय हो. पण मनात नसून बी... लावा फोन. मी माफी मागतो तिची.

पुतळाबाई : कुठल्या भाषंत?

मैनोद्दीन : ड्रायव्हर थांबलाय, मावशी. पंक्चर निघालं त्याचं, तरी थांबलाय. म्हणला, अम्माला काय बोलायचं असंल तर मला सांगा, मी तिकडं बोलतो.

शरणबसप्पा : बघा, हे बरं झालं. त्याला म्हणावं असं सांग, बाई, रडू नको. आमचं सगळं गाव तुझ्या पाठीशी आहे. सगळ्या धर्माची...

पुतळाबाई : रडू नको? आपल्यात कुणाचं तरणंताठं लेकरू गेलं तर बाया काय करत्यात, अप्पा? उंबऱ्यातनं आत पाय टाकला की गळ्यात पडून रडत्यात. आधी रडणं, मग पाणी, मग बोलणं. तुमची आई गेली तवा म्या आलते का न्हाय? का तवा रडू नका म्हणाय आलते?

शरणबसप्पा : आलता. लई रडला होता तुमी.

पुतळाबाई : तिच्या गळ्यात कोण पडलं? समद्या गावाचंच कुणी ना कुणी गेलंय, कोण कुणाच्या गळ्यात पडंल? लेक मातीत ठिवली आन् त्या दिसापास्नं लेकराच्या दुधापायी उभीच हाय बाई. काल तंबूंचा फोटू बघून रडली ती. दूध न्हाय म्हणून रडली. लेकीसाठी न्हाय रडली अजून.

मैनोद्दीन : मग काय सांगू त्याला, मावशी?

पुतळाबाई : काय बी सांगू नको. मोबाइल माझ्याकडं दे, फोन म्याच लावणार. त्याला एक सबुद तेवढा इचारून ये.

मैनोद्दीन : कुठला?

पुतळाबाई : 'रड'ला त्यांच्यात काय म्हणत्यात.